द्वैती तारे आणि उशिरा येणारा अतिनील प्रकाश

हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश. असं इलेक्ट्रॉन उडवणं म्हणजे आयनीभवन. तो प्रकाश भरभरून देणारे ओ वर्गातले, म्हणजे सर्वांत तप्त आणि वजनदार, तारे मोठे उधळे. त्यांतले सर्वांत वजनदार तर ३० लाख वर्षांतच संपतात. प्रत्येक तारा एकटाच आहे असं धरून हिशेब केला, तर एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांचा समूह एक कोटी वर्षांचा होईपर्यंत हा प्रकाश जवळपास आटतो.

पण ओ तारे एकटे असतातच कुठे? बहुतेक द्वैती, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडीतले, असतात. ह्युग साना आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की त्यांतले ७० टक्क्यांहून जास्त तारे कधी ना कधी जोडीदाराशी वस्तुमानाची देवघेव करतात. १२ सौर वस्तुमानाचा तारा घ्या. केंद्रातला हायड्रोजन संपल्यावर तो फुगतो, आणि जोडीदार पुरेसा जवळ असेल तर बाहेरचं आवरण तिकडे ओतलं जातं. मागे उरतो साधारण ४ सौर वस्तुमानाचा, सुमारे ८०,००० केल्विन तापमानाचा हेलियमचा उघडा गाभा. हे घडतं समूहाच्या जन्मानंतर जवळपास दोन कोटी वर्षांनी, म्हणजे ओ तारे कधीच संपलेले असताना. आवरण मिळालेला जोडीदारही जास्त तप्त होतो. काही जोड्यांतले दोन्ही तारे तर एकमेकांत विलीनच होतात.

असे गाभे सापडणं अवघड, कारण त्यांचा बहुतेक प्रकाश अतिनील असतो आणि दृश्य प्रकाशात जोडीदार त्यांना झाकून टाकतो. मॅजेलनच्या मेघांमधले, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांमधले, असे २५ तारे २०२३ मध्ये जाहीर झाले, तेही अतिनील निरीक्षणांतूनच हाती लागले.

एक गैरसमज मात्र नको. तारे सतत जन्मत असलेल्या दीर्घिकेत आयनीभवन करणाऱ्या एकूण फोटॉनांत या गाभ्यांचा वाटा काही टक्केच. महत्त्व आहे ते वेळेला. तोवर सुपरनोव्हांनी भोवतालच्या वायूला भोकं पाडलेली असतात, त्यामुळे उशिरा निघालेला फोटॉन जन्ममेघात न अडकता दूरच्या विरळ वायूपर्यंत पोहोचू शकतो.

हिशेब करताना हायड्रोजन-अल्फा रेषेची (तप्त हायड्रोजन वायूच्या लाल प्रकाशाची) तेजस्विता (अर्ग प्रति सेकंद) गुणिले ७.४ × १०^११ केलं की दर सेकंदाचे आयनीभवन करणारे फोटॉन मिळतात. वायू सुमारे १०,००० केल्विनचा आहे आणि एकही फोटॉन निसटत नाही, अशी यामागची गृहीतकं. धूळ दुरुस्त केली नाही किंवा फोटॉन निसटले, तर आकडा कमी येतो. याच रेषेच्या समतुल्य रुंदीवरून (भोवतालच्या सलग प्रकाशाच्या तुलनेत रेषा किती ठळक आहे, त्या मापावरून) वय काढताना एकट्या ताऱ्यांचं प्रारूप वापरलं, तर समूह खऱ्याहून तरुण ठरतो.

बीपास (BPASS) या ताऱ्यांच्या समूहांचा प्रकाश मोजणाऱ्या संगणकीय प्रारूपसंचातली द्वैती आणि एकट्या ताऱ्यांची प्रारूपं शेजारी ठेवताना ताऱ्यांच्या वस्तुमानाची वरची मर्यादा दोन्हीकडे सारखीच हवी. एकीकडे १०० आणि दुसरीकडे ३०० सौर वस्तुमान असेल, तर नुसत्या त्या फरकानेच फोटॉन वाढतात आणि श्रेय फुकट द्वैतींना जातं. हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ५४.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. उघडे गाभे तेवढे तीव्र फोटॉन देतात खरे, पण जड मूलद्रव्यं कमी असलेल्या काही दीर्घिकांतली अशा हेलियमची ४६८.६ नॅनोमीटरची रेषा इतकी ठळक दिसते, की द्वैती प्रारूपंही तिथे कमी पडतात.