टोक्योचे टीमलॅब प्लॅनेट्स : ज्येष्ठांना नेण्यापूर्वी हे वाचा
टोक्योच्या तोयोसू भागातील टीमलॅब प्लॅनेट्स हे टीमलॅब या कलाकार-समूहाचे, पाण्यातून आणि प्रकाशातून चालत अनुभवायचे प्रदर्शन आहे. ते ‘ज्येष्ठांनाही सहज जमेल असे’ आहे, असे सांगून एका प्रवासी संस्थेने आम्हांला तिकिटे काढून दिली. ती अधिकृत दरापेक्षा बरीच महाग पडली, हे तेथे पोहोचल्यावर कळले. हा दर दिवस आणि वेळेनुसार बदलतो, म्हणून मध्यस्थ टाळावा आणि अधिकृत संकेतस्थळावरूनच वेळ निवडून तिकीट काढावे. पैशांचे मी विसरेन, पण ‘सहज’ या शब्दाचा राग अजून गेलेला नाही, कारण गुडघ्यांची झीज झालेली माझी ६७ वर्षांची आई माझ्यासोबत होती.

पादत्राणे सुरुवातीलाच काढून ठेवावी लागतात. अंधारात, वाहत्या पाण्यातून एक चढण चढावी लागते. ती आईने माझा हात धरून पार केली. त्यानंतर येते ती मऊ जमीन. तिच्यावर पाऊल ठेवताच ते आत रुतते, शेजारचा माणूस हलला की आपल्या पायाखालचा उतार बदलतो, आणि तोल सावरायला धरावे असे काही हाताशी लागत नाही. एका शरीराचा भार दुसऱ्याभोवतीची जागा बदलतो, हेच कलाकारांना अनुभवायला द्यायचे आहे आणि ते त्यांना पुरेपूर साधले आहे. तरुण मुले तेथे आनंदाने लोळत होती. आईला मात्र रुतलेला प्रत्येक पाय उपसून काढावा लागत होता, मागून माणसे येत होती, आणि मध्येच ती खाली बसली तेव्हा तिला उठवायला आम्ही दोघे लागलो. गुडघे दुखत असतील तर या दालनात शिरू नये. दुसरी वाट आहे का, हे कर्मचाऱ्यांना आधीच विचारावे.

साडी तर नेसूच नये. पुढे गुडघ्यापर्यंत पाणी आहे आणि काही दालनांत जमीन आरशाची आहे, म्हणून सहज वर दुमडता येईल अशी सैल विजारच हवी.

त्याच पाण्यात आईचा थकवा गेला. प्रकाशाचे ‘कोई’ (रंगीत जपानी मासे) पाण्यावर पोहत येतात, माणसाला थडकतात आणि त्यांची फुले होतात. एक मासा तिच्या पोटरीशी फुटून फुले झाला, तेव्हा ती ओंजळ पुढे करून कितीतरी वेळ दुसऱ्याची वाट पाहत उभी राहिली. एवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा जाईन. स्फटिकांसारख्या दिव्यांचे दालन सुंदर आहे, पण गर्दीमुळे तेथे थांबता आले नाही. १३,००० हून अधिक जिवंत ऑर्किडांची बाग मात्र चुकवू नये : आपण जवळ जाताच फुले वर उचलली जातात.

जानेवारी २०२५ मध्ये वाढवलेल्या भागात चढणे, उड्या मारणे आणि तोल सांभाळणे असे खेळ आहेत. मुलांना तेथे सोडावे आणि ज्येष्ठांना बाहेर बसवावे.

युरिकामोमे मार्गावरील शिन-तोयोसू स्थानक अगदी लगत आहे. टीमलॅब बॉर्डरलेस हे वेगळे प्रदर्शन असून ते २०२४ पासून अझाबुदाई हिल्स येथे आहे. जुन्या मार्गदर्शिका त्यासाठी अजूनही ओदाइबा या त्याच्या पूर्वीच्या जागी पाठवतात, तेव्हा तिकिटावरील नाव आणि पत्ता निघण्यापूर्वी ताडून पाहावा.