पानिपत पलीकडच्या छावणीतून

पानिपतची गोष्ट दुसऱ्या बाजूनं लिहायची तर अब्दालीलाच ‘मी’ करायचं का, असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नको. अब्दालीकडे चहूकडून खबरा येतात. तो बोलायला लागला की सगळंच सांगायची मुभा मिळते आणि गोष्टीचा धडा होतो.

त्याऐवजी काशीराज घ्या. दख्खनी पंडित, अब्दालीच्या बाजूला असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी, लढाईला हजर. १७८० साली त्यानं फारसीत हकिकत लिहिली.

१४ जानेवारी १७६१, पहाटेचे तीन. आपल्या बाजूनं सांगताना भाऊसाहेब पत्र धाडतात आणि कूच करतात, तिथं प्रसंग संपतो. काशीराजाकडे तो तिथून सुरू होतो. प्याला काठोकाठ भरलाय, आता थेंबही मावणार नाही, काय ते लगेच कळवा, अशा मजकुराचं पत्र त्याच्या हाती पडतं. तो शुजाला सांगतोय तोवर हेर येतात: मराठे निघाले. उत्तर कुणाला पाठवायचं?

आता कागदावर तास मांडा. प्रत्येक तासापुढे दोन रकाने: त्याला दिसलं काय, नुसतं ऐकू आलं काय. दुसरा रकाना जास्त भरला पाहिजे. मराठ्यांच्या तोफखान्याचा आणि गारदी पायदळाचा सरदार इब्राहिमखान गारदी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्या पठाणांवर तुटून पडला तो फळीच्या दुसऱ्या टोकाला. शुजाच्या गोटातून ते दिसणं शक्य नाही. शेजारी अब्दालीचा वजीर शाहवलीखान याची फौज होती, तिचा गलबला एकाएकी कमी झाला. धुरळ्यामुळे कारण कळेना, म्हणून शुजानं काशीराजालाच पाठवलं. वजीर घोड्यावरून उतरून पळणाऱ्यांना ओरडत होता: आपला मुलूख लांब आहे, पळता कुठं? हा प्रसंग दोन पानं घेऊ द्या. गारद्यांना दोन ओळी पुरतात.

बहुतेक मसुदे भाषेत फसतात. त्याच्या तोंडी ‘पानिपत झालं’ आलं की संपलं; तो वाक्प्रचार त्या दिवसानंतरचा. मराठ्यांना तो ‘आपले’ म्हणेल की ‘गनीम’? शुजासमोर एक, मनात दुसरं, असं चालेल. मात्र ते पहिल्या वाक्याआधी ठरवा.

आणि तो बोलतोय कधी, तेही. १७८० चा काशीराज सगळा शेवट जाणून आहे. त्या संध्याकाळच्या काशीराजाला भाऊ जिवंत आहेत की नाहीत, हेसुद्धा ठाऊक नाही.