साग ओकाबोका करणारा पतंग

मृगाचा पाऊस बसला की पंधरा दिवसांत कोणीतरी विचारतंच, "परसातला साग सगळा ओकाबोका झालाय हो, मरणार का?" आणि कोणी, "रात्री ट्यूबलाइटपाशी बसतो तो मळकट पतंग कसला?" आमच्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यात घराघरामागे साग, म्हणून विचारणारे पुष्कळ. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पानं खाणारी अळी मोठी झाली की तोच पतंग होतो. शास्त्रीय नाव हिब्लिया प्यूएरा.

बसलेला असताना ओळखायला जाल तर फसाल. करडे-तपकिरी पंख छपरासारखे मिटलेले, तोंडाशी चोचीसारखं टोक. वाळक्या पानाचा तुकडाच. काडीने पुढचा पंख जरासा सरकवा. खालचा काळपट निघाला आणि त्यावर नारिंगी-पिवळे डाग दिसले, की तोच.

मादी कोवळ्या पानावरच अंडी घालते, म्हणून पहिल्या पावसाच्या पालवीवरच धाड पडते. अळी पानाची कड कापून दुमडते, रेशमाने चिकटवते आणि त्या आडोशात राहून खाते. एकदा पाऊस थांबलेला असताना सागाखाली उभी होते, तरी टपटप चालूच. हात पुढे केला तर तळव्यावर काळे बारीक दाणे. अळ्यांची विष्ठा! वरून अळ्या धाग्यांना लोंबकळत उतरत होत्या नि कोतवाल पक्षी त्या हवेतच टिपत होते. खाली पाचोळ्यात कोष होतो. अंड्यापासून पतंगापर्यंत सारं साधारण तीन-चार आठवड्यांत.

झाड मरत नाही, पुन्हा पालवतं. नुकसान लाकडाचं: केरळात नीलांबूरच्या तरुण लागवडीत मोजलं तेव्हा वाढ ४४ टक्क्यांनी घटलेली निघाली. फवारणीचं विचाराल तर परसातल्या चार झाडांसाठी मी नकोच म्हणते. शेंडा उघडा दिसेतो बहुतेक अळ्या खाली उतरलेल्याही असतात, आणि विष कोतवालांच्या पोटात जायचं.

पावसाळा सरताना पानांची नुसती जाळी उरते, ती मात्र याची करणी नव्हे. ती दुसऱ्याच, युटेक्टोना नावाच्या पतंगाची अळी. शिरा तशाच ठेवून मधलं खाते. हा आपला हिब्लिया फक्त जाड शिरा सोडतो. आणि सागावरच त्याचं भागतं असंही नाही. मुंबईच्या खाडीत तिवरांचं रान हाच उघडं करतो.