वाडा पावसाळ्यातच का पडतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. जुलैत पुण्यात कसब्यात किंवा सदाशिव पेठेत एखाद्या वाड्याची भिंत कोसळली की हा प्रश्न हमखास येतो: शंभर-सव्वाशे वर्षं उभा असलेला वाडा यंदाच्याच पावसात कसा पडला?

पाऊस फक्त शेवटचं ओझं टाकतो. आधीची ओझी कोणी आणि का टाकली, ते वाड्यात नीट फिरलं तर दिसतं.

वाड्याचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असतो. काळ्या दगडाचं जोतं म्हणजे चौथरा, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया म्हणजे जाड आडवी लाकडं, तुळयांवर कमी अंतरावर टाकलेल्या कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि फळ्यांवर तीन-चार इंच माती. हा कडीपाट कोरडा राहिला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि म्हणूनच मूळ वाड्यात पाण्याचं सगळं काम खाली आणि मागे असायचं. आड, हौद, न्हाणीघर तळमजल्यावर. वर पिण्यापुरतं पाणी कळशीने जायचं, सांडपाणी वर होतच नसे. छपराच्या चारी पाख्यांचं म्हणजे उतारांचं पाणी चौकात उतरून दगडी गटारीने बाहेर पडायचं आणि उरलेले आठ महिने त्याच चौकातून वारा खेळून लाकूड सुकायचं.

पाण्यासारखीच माणसंही जागच्या जागी बसवलेली होती. परका माणूस देवडीपर्यंत म्हणजे दरवाजाजवळच्या पहाऱ्याच्या जागेपर्यंत, व्यवहाराचा ओसरीवर, बायका माजघरात. सगळ्यांच्या मागे टोपलीचे संडास, आणि ते साफ करणाऱ्याने वाड्यात पाऊल न टाकता यावं-जावं म्हणून दोन वाड्यांच्या पाठींमधला अरुंद बोळ. कात्रजहून नळाने आलेलं पेशवाईतलं पाणी पेठांच्या हौदांत पडायचं, पण ते कोणी भरायचं हे जात ठरवायची. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच शहरात. टोपल्या गेल्या, बोळ राहिले. आता त्यांतून ड्रेनेजच्या लाइनी जातात. पण ज्या जागेकडे बघायचंच नाही असं ठरवून ती बांधली, तिच्याकडे आजही कोणी बघत नाही. फुटक्या पाइपाचं पाणी महिनोन्‌महिने जोत्यात मुरतं. वाडा पाहायला जाल तेव्हा दिंडी दरवाजाचं नक्षीकाम नंतर बघा, आधी मागच्या बोळात जा.

आता बिऱ्हाडांकडे येऊ. सरदार-इनामदारांचं उत्पन्न आटलं, वाटण्या झाल्या, नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात येणारा लोंढा वाढला, आणि एका कुटुंबाच्या वाड्यात पंधरा-वीस बिऱ्हाडं आली. जागा खणावर दिली जायची. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच फूट. दोन खणी, तीन खणी खोली. पण प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःची चूल आणि स्वतःची मोरी हवी, आणि हवीच. अंघोळीला खाली चौकात उतरायचं, तेही वीस घरांच्या डोळ्यांदेखत, हे बायकांना किती अवघड होतं याचा विचार केला तर वरच्या मजल्यावर मोरी बांधणाऱ्याला दोष देववत नाही.

वाड्याला मात्र ती मोरी सोसत नाही. कडीपाटावर शहाबादी फरशी टाकून चार इंचांचा कट्टा घातला की सांध्यांतून पाणी मातीत उतरतं. दहा बाय दहाच्या खोलीतला चार इंचांचा कोरडा मातीचा थर साधारण दीड टन भरतो. तो भिजला की आणखी दोन-अडीचशे किलो. शिवाय पूर्वीच्या फळ्यांच्या आडोशाऐवजी विटांची आडभिंत येते: साडेचार इंच जाड, दहा फूट लांब, नऊ फूट उंच, म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास. ती तुळईवर न येता मधल्याच दोन कड्यांवर उभी राहते. कडी सहसा मधोमध मोडत नाही. भिंतीत शिरलेलं तिचं टोक आधी कुजतं, कारण तिथे वारा पोहोचत नाही. बाहेरून कडी ठणठणीत दिसते आणि भिंतीतलं टोक भुसा झालेलं असतं.

मग दुरुस्ती का होत नाही? इथे भाड्याच्या पावतीकडे यावं लागतं. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला बांधलं. नंतर पहिल्यांदा दिलेल्या जागेला तिचं पहिलं भाडं. युद्धानंतरच्या टंचाईत तो कायदा नसता तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती, तेव्हा तो चूक होता असं मी म्हणणार नाही. चूक ही की तो पन्नास वर्षं तसाच राहिला. 31 मार्च 2000 पासून नवा कायदा आला आणि वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. चक्रवाढ धरली तरी महिना 50 रुपयांचे 25 वर्षांनी होतात 133. दुरुस्ती मालकाची जबाबदारी. त्याने टाळली तर भाडेकरू 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच वळती करू शकतो. म्हणजे महिना 133 रुपये भाड्यावर वर्षाला 399 रुपये. एवढ्यात एक पन्हळही बदलून होत नाही. मुंबई शहरात उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करणारं मंडळ 1969 च्या कायद्याने आलं, पुण्यातल्या वाड्यांना तसं काही मिळालं नाही. मालकाला वाडा पडण्याची घाई आणि भाडेकरूला खोली सोडण्याची भीती, या दोघांत कौलं चाळायला कोणी चढत नाही.

शनिवारवाड्याच्या भोवतालची अडचण आणखी वेगळी. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही. 2010 च्या कायदादुरुस्तीने ती बंदी पक्की केली. डागडुजीला परवानगी घेऊन वाव आहे, पण पडक्या वाड्याजागी इमारत उभी राहत नाही. स्मारक राखताना त्याच्या शेजारची वस्ती मोडकळीला यावी, हे मला मान्य नाही.

शेजारचा वाडा पाडला जातो तेव्हा सगळ्यात जास्त जपा. दोन वाड्यांमधली भिंत पूर्वी कधी पावसात नव्हती. तिच्या आत कच्ची वीट आणि माती असते. शेजार गेला की ती पहिल्यांदाच उघडी पडते. पाडकाम मे महिन्यात झालं असेल तर जूनच्या आत तिच्यावर पत्रा किंवा ताडपत्री हवीच. पायाचा खड्डा तिच्या लगत खणू देऊ नका. आणि ओल दिसली म्हणून सिमेंटचा गिलावा अजिबात मारू नका. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंटखाली ती कोंडते, आणखी वर चढते आणि गिलाव्यामागे विटेचा चुरा होतो. बोटांनी ठोकून पाहा. पोकळ वाजलं तर तेच झालंय. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग वाळू, असाच गिलावा लावा.

मेमध्येच कड्यांची टोकं भिंतीलगत स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर ती कडी गेली. रोज नीट लागणारं दार अचानक घासायला लागलं, कडीपाटातून बारीक माती पडायला लागली, तर त्याच दिवशी तुळईखाली टेकू द्या. टेकूच्या खाली आणि वर जाड फळी हवी, नाहीतर तो फरशी फोडून आत जातो. झुकलेली तुळई जॅकने उचलू नका, आहे तिथेच धरा. पाऊस उघडला म्हणूनही निर्धास्त होऊ नका, भिंतीच्या पोटातलं पाणी पुढचे काही दिवस काम करत असतं.

आणि खोली सोडावीच लागली, तर घाबरू नका. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त सामान हलवण्याआधी टेप घेऊन खोलीचं माप काढा, पोटमाळा आणि मोरी वेगळी लिहा, चारी भिंतींचे फोटो काढा, त्या कागदावर मालकाची सही मागा, आणि जुन्या भाडेपावत्या वाड्यात ठेवू नका.