खिचडीनंतरची दुपार

आषाढी एकादशी, रात्रीचे साडेनऊ

आज दुपारी पुन्हा तेच. साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि तासाभरात डोळे मिटायला लागले. घशाशी आंबट, डोकं जड, आणि चारच्या सुमारास परत भूक. आमच्याकडे याला 'उपास लागला' म्हणतात. पण सकाळी पोट रिकामं होतं तेव्हा मी चांगली तरतरीत होते. पूजा झाली, ऑफिसचं कामही उरकलं. गळून गेले ती जेवल्यावर. मला लागतो तो फराळ.

खिचडी आज सुरेख झाली होती, दाणा न् दाणा मोकळा. कढईच्या कडेला कूट लागून खमंग झालेली खरवड आईंनी माझ्या ताटलीत वाढली. सासूबाईंच्या हाताला ती चव आहेच. पण ताटलीत होतं काय? साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातून काढलेला स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात जवळजवळ 87 ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यात बटाटा, म्हणजे परत स्टार्च. त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. वर तूप आणि दाण्याचं कूट, त्यामुळे अन्न जठरात रेंगाळतं आणि आंबट वर येतं. सकाळपासून पोटात नुसता चहा, खिचडीत हिरवी मिरची. पित्त न होईल तर काय!

माझं निभावतं. जीव तुटतो तो आईंसाठी. त्यांना मधुमेह आहे. चहात साखर नाही, प्रसादाचा पेढा चिमटीएवढा, इतक्या त्या काटेकोर. पण खिचडी वाटीवर वाटी. आज जेवून दोन तासांनी मी त्यांची साखर तपासली, 262. मशीनकडे बघून म्हणाल्या, "अगं, गोड कुठे खाल्लंय मी? खिचडीच तर खाल्ली." त्यांचा तरी काय दोष? जिभेला गोड लागत नाही ते साखर वाढवेल, हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलंच नाही. "एकादशी दुप्पट खाशी" म्हणून हसायला मात्र सगळे पुढे.

खिचडीचा हट्ट शास्त्राचा म्हणावा तर तसंही नाही. कसावा, बटाटा, मिरची, शेंगदाणा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे पोचलेलं. ज्ञानदेव-नामदेव एकादशी करत होते तेव्हा यातलं काहीच इथे नव्हतं. तमिळनाडूतल्या सेलमकडचे साबुदाण्याचे कारखाने तर 1940च्या दशकातले. एकादशी त्याच्या कितीतरी आधीची. हे मी संध्याकाळी आईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "माझी आजी नुसती रताळी उकडून खायची."

तिथूनच गाडी रुळावर आली. पंधरा दिवसांनी कामिका एकादशी. ताट आताच ठरवलंय: राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची पातळ आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, सालासकट उकडलेलं एक छोटं रताळं आणि दिवसभर ताक. राजगिऱ्यात प्रथिनं शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम, शिवाय चोथा. रताळ्यातही स्टार्च आहेच, म्हणून एकच. भगर आणायची तर बंद पाकिटातली, तारीख बघून. सुटी किंवा दळून ठेवलेली अजिबात नको. दमट हवेत तिला बुरशी धरते आणि मग उलट्या, चक्कर, हे दर उपासाच्या दिवसांत कुठे ना कुठे होतंच.

आणि आईंच्या गोळ्या! काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते. त्यांच्या गोळ्या उपासाच्या दिवशी किती वाजता आणि किती घ्यायच्या, हे डॉक्टरांना आधी विचारायचं. उद्या द्वादशीचं पारणं झालं की फोन करते.

झोपायला जाताना आई दारात थांबून म्हणाल्या, "भाकरी करू गं, पण खिचडी अगदीच बंद नको करू. तुझे सासरे होते तेव्हापासून एकादशीला होतेच ती." कामिकेला दोघींत मिळून एक वाटी करायची, भाकरी-आमटी झाल्यावर दह्याबरोबर खायची, आणि दोन तासांनी परत मशीन लावायचं असं ठरलंय.