अनामिकेचं नख

मंगळवार, रात्री पावणेअकरा

कुकर घासताना उजव्या अनामिकेचं नख गेलं. आधी कोपऱ्यात चिरलं, मग स्पंजात अडकून ओढलं गेलं. तीन आठवडे जपलं होतं. हातमोजे घातल्याशिवाय भांड्यांना हात लावणार नाही, असं घरात मीच बजावून ठेवलंय आणि आज मीच विसरले.

क्लासिकल गिटारवाल्यांचं हे भलतंच दुखणं. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापायची, उजव्याची तार छेडायला वाढवायची, फाइल मारायची आणि वरून सगळ्यात बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची. हार्डवेअरच्या दुकानात मी पॉलिश पेपर एकेकच मागते, तर दुकानदार विचारतो, ‘‘ताई, दरवाजा केवढासा आहे तुमचा?’’

तरी बसले. डाव्या पायाखाली पाट ठेवला, गिटार मांडीवर घेतली. गेले चार महिने फर्नांदो सोर या जुन्या स्पॅनिश गिटारवादक-रचनाकाराचा एकच अभ्यास, म्हणजे सरावासाठी लिहिलेला तुकडा, चालू आहे. त्याच्या ओपस 35 या संग्रहातला 22वा, बी मायनर या स्वरपट्टीतला. दिसायला साधा. वर संथ चाल, मधे झुलणारे सूर, खाली अंगठ्याचे खर्जातले सूर. वरची चाल अनामिकेने वाजवायची आणि आज नेमकी तीच बोडकी. पहिल्या तारेतून आवाज आला तो बोळक्या तोंडाने बोलल्यासारखा. चाल मागे गेली, जवळजवळ पुसलीच.

आणि खालचं ऐकू आलं.

म्हणजे काय ऐकू आलं, तर माझा खर्ज लंगडतोय. पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या आडव्या पट्टीचा) बी हा सूर पूर्ण तीन मात्रा राहायला हवा. माझ्याकडे तो जेमतेम दीड मात्रा टिकतो, कारण पुढची पकड घ्यायच्या घाईत डावं बोट आधीच उचललेलं असतं. मग खाली एक भोक. पुढच्या मापात, म्हणजे पुढच्या तीन मात्रांत, पुन्हा सूर, पुन्हा भोक. चार महिने ही भोकं तिथेच होती, वरच्या चालीच्या गोडव्याने झाकलेली.

गिटारचे सर हे दिवाळीपासून सांगतायत. सर सत्तावीस वर्षांचे, मी त्रेचाळीसची. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई. ‘‘ताई, खालच्या काठ्यांचे सूर गाऊन दाखवा,’’ असं ते दर शनिवारी म्हणतात. पानावर वरच्या आवाजाच्या काठ्या वर आणि खर्जाच्या खाली काढलेल्या असतात, म्हणून खालच्या काठ्या. मी हसून टाळायची. मला वाटायचं, सूर बरोबर वाजतायत ना, मग गायचं कशाला?

आज गाऊन पाहिलं. चौथ्या मापाच्या पुढे येईना. वरची चाल मला झोपेत येते आणि खालची, जी मी रोज स्वतःच्या अंगठ्याने वाजवते, ती मला माहीतच नव्हती!

याचं कारण मला जरा जरा कळतंय. लहानपणी चार वर्षं गाणं शिकले, दोन परीक्षाही दिल्या. खाली तानपुरा असायचा आणि तो असायचा म्हणूनच तो ऐकायचा नसायचा. त्यावर टेकून आपण वर जायचं. माझ्या कानाने गिटारचा खर्जही तसाच धरला, बसायची सतरंजी म्हणून. पण सोरचा खर्ज जागचा हलतो. उतरतो, थांबतो, वरच्या चालीला कधी अडवतो, कधी वाट देतो. सोर लहानपणी स्पेनमधल्या माँटसेराटच्या मठात समूहगायन शिकला होता. गिटारसाठी लिहितानाही त्याच्या डोक्यात माणसंच गात असणार, असं मला आज पहिल्यांदा पटलं. सहा तारांवर तीन माणसं बसवलीत त्याने आणि मी त्यातल्या एकीचंच ऐकत होते.

गंमत म्हणजे सोर स्वतः नखं न लावता वाजवायचा. त्याचा मित्र अग्वादो नखांनी वाजवणारा. पॅरिसमध्ये दोघं एकत्र वाजवायचे आणि सोरने ‘दोन मित्र’ नावाचं युगुलवादनही लिहिलं. (आपल्याकडे एवढ्यावरून दोन घराणी झाली असती.) तर आजच्या दिवसापुरती मी सोरच्या बाजूची, नाइलाजाने का होईना.

नऊ ते दहा फक्त अंगठा वाजवला. वरचं काही नाही. डावं बोट सुरावर ठेवायचं आणि तिसरी मात्रा मोजून होईपर्यंत उचलायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. बोट ऐकत नाही, ते आधीच पुढच्या पकडीकडे निघालेलं असतं, बस यायच्या आधीच दाराशी जाऊन उभं राहणाऱ्या माणसासारखं. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठवर ठेवला, मग पन्नासवर, मग बंदच केला आणि गुणगुणत वाजवलं. गुणगुणलं की बोट थांबतं. का ते माहीत नाही. श्वास संपेपर्यंत सूर सोडवत नाही बहुधा.

गेल्या वर्षी मी किती नवीन तुकडे झाले ते वहीत लिहायची. सात झाले होते. आज ते पान उघडलं. त्या सातांतल्या एकाचाही खर्ज मला गाता येईल का? दोन करून पाहिले. नाही. वही मिटली.

दहाला आई आतल्या खोलीतून म्हणाली, ‘‘आज नवीन काहीतरी घेतलंयस वाटतं. बरं आहे गं, जरा गंभीर आहे.’’ चार महिने रोज संध्याकाळी तोच तुकडा तिच्या कानावर पडतोय.

मी हो म्हटलं. एकच बोट आडवं टाकून अनेक तारा दाबायच्या असतात, त्या मापात बोट अजूनही आधी सुटतंय.