वारा फिरला

शनिवार

वारा फिरलाय. जूनपासून आमच्या कोल्हापूरच्या घराच्या पश्चिमेच्या खिडक्या बंद होत्या. गगनबावड्याकडनं येणारी झड थेट आत येते, गादी भिजवते, भिंतीला ओल धरते. आता चार दिवस झाले, पूर्वेकडचा कोरडा वारा सुटलाय. दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत कडकडीत वाळतात. डब्यातलं मीठ मोकळं झालं. आईनं तर आधीच सांगून टाकलं होतं, "वारं फिरलं बघ. वाकळा काढूया आता."

आज सुट्टी टाकून माळ्यावरच्या वाकळा उतरवल्या. गच्चीवर अंथरल्या, काठीनं झोडल्या, दुपारी उलथ्या केल्या. पावसाळ्याचा कुबट वास दोन तासांच्या उन्हात जातो, हे दरवर्षी बघतो आणि दरवर्षी तेवढंच बरं वाटतं.

सगळ्यात जुनी वाकळ आईनं आणि आमच्या आत्यानं मिळून शिवलेली. आत जुन्या सुती नऊवारींचे थर, वर तुकडे. मी तिच्याशेजारी बसून एकेक तुकडा ओळखत होतो. हा वडिलांच्या धोतराचा काठ. ही ताईच्या परकराची छीट. हा खाकी तुकडा माझ्या शाळेच्या चड्डीचा, खिशाची शिवण अजून तशीच दिसते. कडेकडेनं धावदोरा सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घेत मधोमध येऊन संपतो. एका बाजूचे टाके बारीक, एकसारखे. दुसऱ्या बाजूचे जरा लांब. बारीक टाके आत्याचे. आई म्हणते, "तिला घाई नसायची. मला चुलीवर भात असायचा."

माझ्या थोरल्या लेकीनं हात फिरवून विचारलं, "आजी, मला शिकवशील?" आई काही बोलली नाही. उठली आणि ट्रंकेतल्या जुन्या साड्या काढून बघायला लागली. म्हणजे शिकवणार.

सोमवार

उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, ऋतू बदलल्याचं पहिल्यांदा लोखंडाला कळतं. पावसाळ्यात मशीनवरून उतरलेल्या जॉबला, म्हणजे घडवलेल्या लोखंडी भागाला, तेल लावायचं राहिलं, की सकाळपर्यंत त्यावर तांबूस गंज चढलेला असतो. ओल्या हवेत फाउंड्रीवाल्यांनाही वाळू सांभाळावी लागते. ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये भोकं पडतात. आता ती काळजी मिटली. आज सकाळी बिडाच्या कास्टिंगला हात लावला तर गार, अगदी झटका बसावा इतकं गार. मे महिन्यात याच शेडमध्ये पत्र्याखाली उभं राहवत नाही. पहिली शिफ्ट मला या दिवसांत फार आवडते. शटर उघडताना बाहेर धुकं असतं, टपरीवर चहाची वाफ असते आणि नऊ वाजेपर्यंत अंग नुसतं काम मागतं.

गेल्या आठवड्यातच येताना शेजारच्या पॅटर्न शॉपमधनं लाकडाच्या ढलप्या पोत्यात भरून आणल्या. ओतकामासाठी लाकडाचे साचे करतात तिथं, आणि सागवान तासून उरलेल्या ढलप्या बंबाला एक नंबर.

बंब पेटवला आज. घरात गीझर आहे आणि रोज तोच वापरतो, पण थंडी पडली की तांब्याचा बंब काढायचाच, हा आमच्या घरचा नेम. काल संध्याकाळी मी चिंच आणि मीठ घेऊन बसलो. काळवंडलेल्या तांब्यावर चिंचेचा कोळ चोळला की हाताखाली रंग उघडत जातो, आधी गुलाबी, मग लख्ख. तोटीच्या खालच्या खाचेत जुना ब्रश घालून घासावं लागतं. तासभर गेला, आणि तो तास मला कुठं दुसरीकडं घालवायचा नव्हता.

सकाळी मधल्या नळीत करवंटीचे तुकडे, वर ढलप्या, एक शेणी मोडून. पाणी तापत आलं की बंब आतून गुणगुणायला लागतो. बंबाच्या पाण्याला धुराचा जरासा वास असतो. धाकटा म्हणतो, "पप्पा, शाळेत पोरं विचारतात कशाचा वास येतोय." तरी त्याला दोन बादल्या लागतात.

त्रिपुरी पौर्णिमा

पहाटे अंधारात पंचगंगा घाटावर गेलो, चौघंही. पायरीपायरीवर पणत्या, रांगोळ्या, पाण्यावर दिव्यांचे तुकडे. ऑगस्टमध्ये याच पायऱ्या पाण्याखाली होत्या आणि रोज सकाळी अख्खं कोल्हापूर नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारत होतं. आमच्या पेठेतल्या माणसाचं नदीशी असं दुहेरी नातं आहे, भीतीचं आणि मायेचं. पूर उतरून नदी निवळल्यावर तिला दिवे दाखवायला जाणं मला म्हणूनच पटतं. बायकोनं पाच पणत्या नेल्या होत्या. वारा होता, दोन विझल्या, तिनं शेजारच्यांच्या पणतीवर परत लावून घेतल्या.

येताना सगळ्यांनी कानटोप्या-मफलरनं कान झाकून घेतले. पहिलीच अशी पहाट.

शुक्रवार

कपिलतीर्थ मार्केटात मेथीच्या पेंढ्यांचे ढीग लागलेत. आवळे आले. कांद्याची पात आली. वांगी आता काटेरी, लहान, देठ टवटवीत असलेली मिळतात, भरायला हीच. पावटा अजून महाग आहे, थांबू.

रात्री बायकोनं मेथीचं गरगट्टं केलं, शेंगदाण्याचा कूट आणि लसूण ठेचून घातलेलं, सोबत ज्वारीची भाकरी आणि खर्डा. तव्यावरनं भाकरी थेट ताटात येत होती. या दिवसांत आम्ही सगळे स्वयंपाकघरातच जेवतो, कारण ऊब तिथं असते. बाहेरच्या खोलीतलं टेबल उन्हाळ्यापर्यंत नुसतं वर्तमानपत्रं ठेवायला. पोरांचे मोबाइलही त्याच टेबलावर राहतात, कुणी न सांगता. जेवणं झाल्यावर चुलीसारखं गॅसभोवतीच बसून शेंगा फोडल्या. नव्या भुईमुगाच्या, लोखंडी कढईत वाळू घालून भाजलेल्या. टरफलांचा ढीग झाला आणि बोलणं ताईच्या लग्नापर्यंत जाऊन पोचलं.

साडेनऊला धाकट्याला घेऊन गंगावेशीत दूध प्यायला गेलो. म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. मी लहान असताना वडील तालमीतनं येताना मला तिथं उभं करायचे. आता ग्लास धाकट्याच्या हातात. ओठांवर पांढरी मिशी घेऊन तो म्हणाला, "अजून एक घेऊ?" घे की बाबा.

११ नोव्हेंबर

किरणोत्सवाचा तिसरा दिवस. कामावरनं परस्पर अंबाबाईच्या देवळात. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मधोमध, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. वाटेत उंच इमारती आल्या, क्षितिजावर ढग किंवा धुरळा असला तर किरणं वाटेतच मंदावतात. म्हणून या तीन संध्याकाळी अख्ख्या गावाची नजर पश्चिमेला असते.

थोरली अकरावीला सायन्सला आहे. गर्दीत उभ्या उभ्या तिनं मला समजावलं. सूर्य दक्षिणेकडं सरकत २१-२२ डिसेंबरला टोकाला जातो आणि माघारी वळतो. जाताना ज्या जागी मावळला, त्याच जागी येतानाही मावळणार. नोव्हेंबरच्या या तारखा त्या दिवसाच्या साधारण सहा आठवडे आधी, फेब्रुवारीच्या तेवढ्याच नंतर. मी इतकी वर्षं हात जोडत आलो आणि या दोन जोड्यांचा हिशोब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. ज्यानं ही जागा आणि ही दिशा धरून बांधलं, त्यानं किती संध्याकाळी नुसतं बघण्यात घालवल्या असतील. मला मशीनवर शंभराव्या मिलिमीटरचा हिशोब कळतो, म्हणून हे जास्तच भिडतं.

आतले दिवे बंद केले. उंबऱ्यावरनं पिवळा पट्टा आत सरकायला लागला. पुढचं मला डोक्यांच्या गर्दीतनं धड दिसलं नाही, थोरलीला दिसलं. तिनं माझा हात घट्ट धरला होता.

रविवार

पन्हाळ्याच्या बाजूला आमच्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ आहे. स्टीलचे दोन डबे घेऊन सकाळीच गेलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, तोडीच्या टोळ्यांच्या खोपी, ओल्या पाचटाचा वास.

काहिलीत रस उकळत होता. रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते. ती झाऱ्यानं काढत राहायची. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा गडी वेगळा, वर बघणारा गुळव्या वेगळा. गुळव्या कुणाशी बोलत नाही. तो फक्त बुडबुडे बघतो. पाक आटत आला की फावड्यावरनं थोडा घेऊन पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करतो आणि मान हलवतो. पुस्तकात ११८ अंश लिहिलेलं असतं. इथं थर्मामीटर कुणाच्या हातात नव्हता, आणि माझ्या ओळखीच्या कुठल्याही फोरमनपेक्षा या माणसाचा हात मला जास्त भरवशाचा वाटला. काहील उतरवताना चार माणसं एकदम, एका तालात. वाफ्यात ओतलेला गूळ आधी तांबडा झळकतो, मग घोटता घोटता पिवळा होत घट्ट होतो.

शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, तेव्हापासून या गावाचं नाव गुळाला चिकटलेलं. २०१४ साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी गुऱ्हाळं कमी होत चाललीत. ऊस कारखान्याला घातला की शेतकऱ्याची दगदग वाचते, आणि चुलवाणापुढं बसायला माणूस मिळत नाही. पाहुणे म्हणाले, "पोरं पुण्याला. आमच्यापर्यंत चालवायचं." मला हे ऐकून वाईट वाटलं, आणि दरवर्षी इथनंच गूळ न्यायचा असं मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं. एका घरच्या गुळानं गुऱ्हाळ चालत नाही, पण तेवढं माझ्या हातात आहे.

एक डबा काकवी, गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप. घरी आल्यावर आईनं हुलग्याचं माडगं केलं. भाजलेल्या हुलग्याचं पीठ, नव्या गुळाचं पाणी, सुंठ, चिमूटभर मीठ, गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं. वाटीत वरनं तूप. ती पातेल्याशी उभी होती तेवढा वेळ मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि पीठ किती, पाणी किती, ते विचारून घेतलं. तिनं मापं सांगितली ती सगळी मुठीची आणि ओंजळीची. बायकोनं लिहून ठेवली.

आईनं पहिला घास घेतला, डोळे मिटून चव बघितली.

"गूळ चांगलाय," म्हणाली. "पुढच्या खेपेला काकवी जास्त आण. आणि ताईला एक डबा पाठव."